चाळीस टेबले आणि नखाएवढी राणी

"सर, ह्यात राणी कुठंय?" सातवीतल्या एका मुलीने माझा मोबाइल हातात धरून, दोन बोटांनी चित्र मोठे करत करत हा प्रश्न विचारला, तेव्हा सकाळची शाळा सुटायला दहाएक मिनिटे उरली होती. एप्रिलच्या उन्हामुळे खिडक्यांना ओल्या गोणपाटाचे पडदे लावलेले होते. मी खुलताबाद तालुक्यातल्या एका शाळेत चित्रकला शिकवतो. ही मुलगी पुढच्या वर्षी चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला बसणार आहे आणि तिला स्मरणचित्रात गर्दी काढता येत नाही, अशी तिची स्वतःचीच तक्रार असल्यामुळे मी तिला गर्दीचे एक चित्र दाखवायला घेतले होते. राणी सापडत नाही हे तिचे म्हणणे मला आधी गमतीचे वाटले, पण घरी येऊन तेच चित्र मी संगणकाच्या मोठ्या पडद्यावर पाहिले, तेव्हा मलाही ती चटकन सापडली नाही.

चित्र यूजेन लामी या फ्रेंच चित्रकाराचे आहे आणि ते जलरंगात आहे. इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया ऑगस्ट 1855 मध्ये फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन याची पाहुणी म्हणून पॅरिसला गेली होती. त्या भेटीतल्या 25 ऑगस्टच्या रात्री व्हर्सायच्या राजवाड्यातल्या नाट्यगृहात जे भोजन झाले, त्याची ही नोंद आहे. नोंद हा शब्द मी जाणून वापरतो आहे, कारण असे चित्र कुणाच्या दिवाणखान्याची शोभा वाढवावी एवढ्यासाठी काढले जात नसे. दोन राष्ट्रांमध्ये काय घडले, कोण कुठे बसले आणि दिवे किती होते, हे पुढच्या पिढीला दिसावे म्हणून ते काढले जाई.

त्या भोजनाला एवढे महत्त्व का होते, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. या सम्राटाचा काका म्हणजे पहिला नेपोलियन, ज्याचा इंग्रजांनी आणि त्यांच्या मित्रांनी 1815 मध्ये वॉटर्लूला पराभव केला आणि ज्याला त्यांनी सेंट हेलेना बेटावर मरेपर्यंत कैदेत ठेवले. त्याच घराण्याचा माणूस फ्रान्सच्या गादीवर बसला आणि रशियाविरुद्धच्या क्रिमियन युद्धात इंग्लंड व फ्रान्स खांद्याला खांदा लावून लढू लागले, तेव्हा दोन्हीकडच्या लोकांना ही मैत्री खरी आहे हे पटवून देणे भाग होते. एप्रिल 1855 मध्ये सम्राट विंडसरला आला. तिथे व्हिक्टोरिया त्याच्याबरोबर नाचली ती नेमकी वॉटर्लूचे नाव असलेल्या दालनात, आणि तिसऱ्या जॉर्जची नात आपल्या मोठ्या शत्रूच्या पुतण्याबरोबर इथे नाचते आहे हे किती विलक्षण, असे तिने रोजनिशीत लिहून ठेवले. ऑगस्टमधली तिची पॅरिसभेट ही त्या भेटीची परतफेड होती. राज्यावर असलेला इंग्लंडचा राजा किंवा राणी पॅरिसमध्ये येण्याचा प्रसंग त्याआधी सहाव्या हेन्रीच्या 1431 मधल्या राज्याभिषेकाच्या वेळी आला होता, म्हणजे मधे चारशेहून अधिक वर्षे गेली होती. क्रिमियातल्या सेवास्तोपोल या रशियन बंदराचा वेढा तेव्हा चालूच होता आणि राणी परत गेल्यावर दोनच आठवड्यांत ते शहर पडले. थोडक्यात सांगायचे तर तिकडे खंदकात माणसे मरत होती आणि इकडे झुंबरे पेटत होती. लामीच्या चित्रात यातले फक्त दुसरे आहे, आणि त्याला सांगितलेले काम तेवढेच होते.

त्या रात्रीबद्दलची एक गोष्ट मला फार आवडते. व्हर्सायला सोळाव्या लुईनंतर असा नृत्यसमारंभ झालेलाच नव्हता, आणि या समारंभाची मांडणी पंधराव्या लुईच्या काळातल्या एका उत्सवाचे छापील चित्र पाहून केली होती, असे राणीच्या रोजनिशीत येते. म्हणजे आधी चित्र, त्यावरून समारंभ आणि त्या समारंभावरून पुन्हा चित्र, अशी ही साखळी आहे. नाच आरसेमहालात झाला, बाहेर आतषबाजी झाली आणि तिच्या शेवटी विंडसरचा किल्ला दिव्यांनी उजळून दाखवला. मग सगळी मंडळी जेवणासाठी नाट्यगृहात गेली. हे नाट्यगृह गाब्रिएल या वास्तुकाराने बांधले आणि 1770 मध्ये पुढे सोळावा लुई झालेल्या युवराजाच्या व मारी आंत्वानेतच्या लग्नाच्या निमित्ताने ते पहिल्यांदा वापरात आले. प्रेक्षकांच्या जागेत आणि रंगमंचावर मिळून चाळीस लहान टेबले मांडली होती, प्रत्येकाभोवती दहा माणसे, प्रत्येक टेबलाची यजमानकी एका स्त्रीकडे, आणि वाजंत्री कुठे बसली आहेत ते दिसत नव्हते. एकूण पान चारशेचे होते. आमच्याकडे लग्नाच्या एका पंगतीला एवढी माणसे सहज बसतात, त्यामुळे आकड्याने कुणी चकित होणार नाही. पण आमच्या पंगतीत सज्जात बसून जेवणाऱ्यांकडे पाहणारी माणसे नसतात. इथे मात्र सगळे सज्जे पाहणाऱ्यांनी भरलेले होते. जेवणारे हेच त्या रात्रीचे नाटक होते.

आता प्रत्यक्ष चित्राकडे येतो. वरच्या भागात झुंबरेच झुंबरे आहेत, रांगेने, जवळची मोठी आणि दूरची लहान होत गेलेली, आणि त्यांच्यामुळे सगळ्या नाट्यगृहात एक पिवळसर, किंचित धुरकट उजेड पसरला आहे. खाली टेबलांभोवती बसलेली मंडळी आहेत. त्यांच्यातल्या स्त्रियांचे घेरदार पोशाख लांबून पाहिले तर फुलांच्या वाफ्यासारखे दिसतात, आणि जवळ जाऊन पाहिले तर एकेका झग्यासाठी ब्रशचे चार-पाचच फटकारे आहेत. चेहरे म्हणजे ठिपके. त्यातल्या काही ठिपक्यांना डोळ्यांची पुसट रेघ आहे, बाकीच्यांना तीही नाही. मधल्या सज्जात राणी, सम्राट आणि त्यांचे घरचे लोक बसले आहेत, आणि संपूर्ण चित्रात त्यांना मिळालेली जागा माझ्या करंगळीच्या नखाएवढी आहे. राजघराण्यासाठी काढलेल्या चित्रात राजघराणे एवढे लहान ठेवायला धाडस लागते. आणि ते चुकीचेही नाही, कारण त्या रात्री चाळिसाव्या टेबलावरून त्यांच्याकडे पाहणाऱ्या माणसाला ती तेवढीच दिसली असणार.

आमची मुले याच्या नेमके उलट करतात. स्मरणचित्राला 'गावात मंत्र्यांचे आगमन' असा विषय दिला, की पानाच्या मध्यभागी मंत्री, पायापासून डोक्यापर्यंत, हार घातलेला, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एकाच मापाची सहा-सात माणसे शाळेच्या प्रार्थनेला उभी केल्यासारखी असतात. 'भद्रा मारुतीची यात्रा' दिली, तर देऊळ एवढे मोठे की यात्रेला जागाच उरत नाही. मी वर्षानुवर्षे फळ्यावर डोळ्याची रेषा, जवळचा माणूस, लांबचा माणूस, एकावर एक आलेली डोकी असे सगळे काढून दाखवतो, मुले मान डोलावतात आणि पुन्हा मारुती मध्यभागी उभा राहतो. यात मुलांचा दोष नाही. ज्याचे महत्त्व अधिक त्याचे चित्र मोठे, हा नियम माणसाच्या मनात फार जुना आहे आणि तो मोडायला शिकवावे लागते.

लामीचे चित्र हेही एका अर्थाने स्मरणचित्रच आहे. झुंबरांच्या उजेडात, चारशे जेवणारे हलत असताना, एवढ्या बारकाव्याचा जलरंग जागेवर बसून पुरा करणे कुणालाही शक्य नसते. जागेवर होतात ती पेन्सिलीची भरभर टिपणे, वास्तूची मापे, कुणाच्या अंगावर काय होते याच्या खुणा. रंग भरले जातात ते नंतर, चित्रशाळेत, आणि तिथे आठवणीवर भिस्त ठेवावी लागते. मग आठवण काय राखते आणि काय सोडते हा प्रश्न येतो. गर्दीतला घाम, सांडलेले पेय, मेणाचे ओघळ, वाढप्यांची धावपळ यांतले काही चित्रात शोधू नये. पण उजेड कसा पडला होता हे त्याने राखले आहे, आणि मला वाटते, या कागदाची सर्वांत विश्वासार्ह साक्ष तीच आहे. आसनव्यवस्था काय होती हे कागदपत्रांवरून कळू शकते, पण शेकडो मेणबत्त्यांच्या उजेडात सोनेरी नक्षी कशी विरघळल्यासारखी दिसते ते कागदपत्रांत मिळत नाही.

फोटो का काढला नाही, असे कुणी विचारील, कारण छायाचित्रण तोपर्यंत आलेले होते. या भेटीशी जोडलेला एक छायाचित्रसंग्रहही आहे. बुलोन बंदर ते पॅरिस या लोहमार्गावरच्या देखाव्यांचा तो संग्रह एदुआर बाल्दूस या छायाचित्रकाराने तयार केला आणि रेल्वेचा मालक रॉथशिल्ड याने तो राणीला भेट दिला. पण त्या फोटोंत आहेत पूल, स्थानके, चर्चच्या इमारती, म्हणजे जे हलत नाही ते. त्या काळच्या काचेला आणि रसायनांना एवढा वेळ उजेड लागे की रात्रीच्या दिव्यांत जेवणारी माणसे म्हणजे नुसता धूसर डाग उमटला असता. म्हणून स्थिर वस्तू कॅमेऱ्याकडे आणि हलती माणसे ब्रशकडे, अशी कामाची वाटणीच होऊन गेली होती.

लामीचा स्वतःचा प्रवासही या संदर्भात पाहण्यासारखा आहे. तो 1800 मध्ये जन्मला, ग्रो आणि होरास व्हर्ने यांच्या हाताखाली शिकला, तरुणपणी लंडनला जाऊन आला आणि फ्रान्समध्ये जलरंगाला तैलरंगाच्या बरोबरीने मान मिळावा म्हणून उतारवयात, 1879 मध्ये, जलरंगकारांची संस्था स्थापन करणाऱ्यांमध्ये सामील झाला. व्हिक्टोरियाला चित्रात आणण्याची त्याची ही पहिली वेळ नव्हती. 1843 मध्ये ती लुई फिलिप या राजाला भेटायला नॉर्मंडीतल्या अ (Eu) नावाच्या गावी गेली, तेव्हाही तिच्या आगमनाचे चित्र लामीनेच काढले होते. पाच वर्षांनी क्रांती झाली, लुई फिलिप पळून इंग्लंडच्या आश्रयाला गेला आणि लामीही त्याच्या मागोमाग काही वर्षे तिकडे राहिला. 1855 मध्ये यजमान बदलला होता, घराणे बदलले होते, पाहुणी मात्र तीच होती आणि चित्रकारही तोच. पुढे प्रशिया या जर्मन राज्याविरुद्धच्या 1870 च्या युद्धात हरल्यावर हा दुसरा यजमानही इंग्लंडलाच गेला आणि 1873 मध्ये तिथेच वारला. ज्याच्या घरी पाहुणचार घेतला त्याला नंतर आपल्या दारी आसरा द्यायचा, असे व्हिक्टोरियाच्या वाट्याला दोनदा आले.

स्वतः राणीलाही जलरंगाची चांगली ओळख होती. 1846 मध्ये तिने एडवर्ड लिअरकडून काही धडे घेतले, नंतर लीच नावाच्या चित्रकाराकडे ती बरीच वर्षे शिकत राहिली, आणि प्रवासात रंगपेटी तिच्यासोबत असे. म्हणजे असे चित्र हातात आल्यावर कुठे कागद कोरा सोडला आहे आणि कुठे वरून पांढरा चढवला आहे, हे ओळखणारी ही गिऱ्हाईक होती. अशा गिऱ्हाइकापुढे चित्रकाराला लबाडी करता येत नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

इथे मला आमच्या अजिंठ्याची आठवण येते, आणि थोडे आडवळण घेतल्याशिवाय राहवत नाही. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात एक दरबाराचे चित्र आहे, ज्यात टोकदार टोप्या घातलेली परदेशी माणसे राजापुढे नजराणे घेऊन उभी आहेत. फर्ग्युसन या स्कॉटिश अभ्यासकाने 1879 मध्ये असे मांडले की हा इराणचा बादशहा दुसरा खुस्रो याच्या वकिलातीचा दुसऱ्या पुलकेशीच्या दरबारातला प्रसंग आहे. गोष्ट इतकी देखणी होती की ती पाठ्यपुस्तकांत गेली आणि कित्येक गाईड ती अजूनही तशीच सांगतात. पण लेण्यांतली ही कामे वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातली, म्हणजे पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातली, असे आज पुष्कळ अभ्यासक मानतात, आणि पुलकेशी तर सातव्या शतकातला. मग त्या दरबाराकडे बुद्धाच्या पूर्वजन्मींच्या एखाद्या कथेतला प्रसंग म्हणून पाहावे लागते. भिंतीवर तारीख नव्हती, नाव नव्हते, म्हणून एका भेटीची नोंद तिथे पाहणाऱ्यांनीच लिहिली. लामीच्या चित्राला ही अडचण नाही. त्याला दिवस आहे, वर्ष आहे, स्थळ आहे. मी मुलांना चित्राखाली नाव आणि तारीख घालायला सांगतो, तेव्हा मला हीच भिंत आठवत असते.

तारीख असल्यामुळेच त्या सज्जातल्या ठिपक्यांचे पुढे काय झाले तेही सांगता येते. राणीबरोबर तिची थोरली दोन मुले होती, चौदा वर्षांची विकी आणि तेरा वर्षांचा बर्टी. विकीबरोबर सम्राट त्या रात्री नाचलाही. पुढे तिचे लग्न प्रशियाच्या राजपुत्राशी झाले. त्या रात्रीच्या पाहुण्यांत बिस्मार्क नावाचा एक प्रशियन मुत्सद्दी होता आणि राणीशी त्याची ओळख करून देण्यात आली होती. त्याच बिस्मार्कने 18 जानेवारी 1871 रोजी, पराभूत फ्रान्सच्या छाताडावर बसून, त्याच वाड्यातल्या आरसेमहालात विकीच्या सासऱ्याला जर्मनीचा सम्राट म्हणून घोषित करवले. बर्टी 1875 मध्ये युवराज म्हणून मुंबईला उतरला, आणि सातवा एडवर्ड झाल्यावर 1903 मध्ये पुन्हा पॅरिसला गेला. पुढच्याच वर्षी दोन्ही देशांत सलोख्याचा करार झाला. नाट्यगृहाचे नशीब मात्र मधेच पालटले. 1871 नंतर तिथे फ्रान्सच्या लोकप्रतिनिधींची सभा भरू लागली आणि मूळची सजावट झाकली गेली. दुसऱ्या महायुद्धानंतर ते पूर्वीसारखे केले आणि 9 एप्रिल 1957 रोजी पुन्हा उघडले, तेव्हा पाहुणी म्हणून आली होती राणी दुसरी एलिझाबेथ, म्हणजे चित्रातल्या त्या तेरा वर्षांच्या मुलाची पणती.

एवढे सगळे वाचून झाल्यावर मी ते चित्र स्वतः उतरवायला बसलो. पहिला प्रयत्न कागजीपुऱ्याच्या हातकागदावर केला, कारण तो गाव माझ्या येण्याजाण्याच्या वाटेवर आहे, तिथला कागद शेकडो वर्षांच्या परंपरेचा आहे आणि त्यावर काढावे अशी हौस होती. हौस फिटली. मी आणलेला ताव मऊ होता, पहिलाच पातळ पिवळा हात त्याने गटकन पिऊन टाकला आणि झुंबरासाठी कोऱ्या सोडलेल्या जागांत रंग आपोआप पसरत गेला. पाचव्या मिनिटाला माझ्या व्हर्सायला ओल धरली होती. दुसऱ्यांदा मी जलरंगाचा जाड कागद घेतला, पण मराठवाड्यातल्या एप्रिलमध्ये दुपारी जलरंगाचे मोठे काम करणे म्हणजे तव्यावर पाणी शिंपडण्यासारखे आहे. ब्रश कागदाच्या दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिले टोक वाळलेले असते आणि मधे कडक कडा उमटतात. शेवटी पहाटे चारला उठून, कागदाखाली ओले फडके अंथरून, पंखा बंद करून काम केले, तेव्हा तो धुरकट पिवळा कुठे एकसारखा बसला.

काम करता करता जे कळले ते पाहताना कळले नव्हते. या चित्रात उजेड रंगवलेलाच नाही. ज्योतींच्या जागा कोऱ्या सोडल्या आहेत आणि त्यांच्याभोवतीचे सगळे, छत, खांब, सज्जे, एक-एक पातळ थर चढवत गडद केले आहे. त्यामुळे सुरुवातीलाच शेकडो ठिकाणी हात आवरावा लागतो. मला चौथ्या झुंबरापर्यंत ते जमले, पाचव्याला लक्ष सुटले आणि दोन ज्योती बुजल्या. त्या मी नंतर पोस्टर कलरच्या पांढऱ्याने उजळल्या, आणि त्या तेवढ्या दोन लांबूनही चुन्याच्या ठिपक्यांसारख्या ओळखू येतात. माणसांचे काम त्या मानाने सोपे निघाले. चेहऱ्यावर जास्त मेहनत घेतली की तो गर्दीतून बाहेर येऊन उभा राहतो, हे एकदा ध्यानात आल्यावर मी डोळे, नाक काढणेच सोडून दिले.

चाळीसच्या चाळीस टेबले मला बसवता आली नाहीत, सव्वीस झाली आहेत. मधला सज्जा मी सर्वांत शेवटी घेतला. ज्वारीच्या दाण्याहून लहान असे सहा-सात ठिपके, दोन पांढरे, बाकी गडद, एवढेच तिथे मावले. काल सकाळी चित्र वाळल्यावर चष्मा लावून पाहिले, तर त्या दोन पांढऱ्यांपैकी व्हिक्टोरिया कोणती, हे आता मलाही सांगता येत नाही. सोमवारी शाळेत न्यायचे कबूल केले आहे, आणि ती मुलगी विचारणारच.